हलणारी गाय

तिला सगळे शाब्बासताई म्हणत. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव होतंच की, पण ते कागदोपत्रीच राहिलं. दीड-दोन वर्षांची पोरं टॅबवर बोट ठेवून गाय ओळखतात, लाल फुगा फोडतात, चेंडू टोपलीत टाकतात, आणि मग आतून कुणीतरी बाई जीव ओतून म्हणते, "शाब्बास! किती हुशार रे तू!" ती बाई म्हणजे ही. तुमच्या घरात लहान मूल असेल तर तुम्ही तिला ऐकलं असणार, आणि तेच ते शाब्बास सकाळपासून ऐकून तिच्या नावाने बोटंही मोडली असणार. मोडा खुशाल. पण आधी तिची गोष्ट ऐका.

ऑफिस फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाली करवत सुरू झाली की वर सगळ्यांनी हाताची घडी घालून बसायचं, नाहीतर गेममध्ये गाय हंबरायच्या ऐवजी लाकूड कापलं जायचं. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. भिंतींना काळा फोम डकवलेला, दारावर जुनी रजई टांगलेली, आणि पंखा बंद, कारण पंख्याचाही आवाज येतो. त्या भट्टीत घाम पुसत ही बाई दिवसभर लोकांच्या पोरांचं कौतुक करायची. बाकी सगळं जमतं, म्हणायची, मान तेवढी हलता कामा नये. मान जरा इकडची तिकडे झाली की आवाज माइकवरून घसरतो. म्हणून ती खांबासारखी ताठ उभी राहायची आणि चेहरा मात्र हसरा ठेवायची. ओठ हसले नाहीत तर पोरांना ते आवाजात कळतं, असं तिचं ठाम मत होतं.

कळायचंही बरं का. दुकानात, जिन्यात, बसच्या रांगेत ती कुणाशी दोन शब्द बोलली की कुणाच्या तरी कडेवरचं अनोळखी पोर गर्रकन मान वळवून हिच्याकडे टकामका बघायला लागायचं. त्याच्या आईच्या मग लक्षात यायचं. "अय्या, तुम्ही त्या गाईवाल्या का?" त्या दिवशी ही घरी जायची ती अंगावर मूठभर मांस चढवूनच.

लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर, नातेवाइकांनी विचारायचंसुद्धा सोडून दिल्यावर, तिला मुलगा झाला. गाल बघून सगळे ढब्बू म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. आता या बाईचा धंदाच बोलायचा, त्यामुळे तिचं एकच स्वप्न होतं. ते तिने ऑफिसात जाहीरच करून टाकलं होतं.

"आमचा ढब्बू आई म्हणाला ना, की त्याला उचलून थेट इथे आणणार आणि या माइकसमोर उभं करणार. सगळ्यांच्या पोरांना मी बोलायला शिकवते. माझ्या पोराचा पहिला शब्द मी असातसा वाऱ्यावर जाऊ देईन होय?"

गेममधली चित्रं काढून ती हलवण्या-नाचवण्याचं काम करणारी एक पोरगी होती, तिचा ताईवर फार जीव. तिने ढब्बूच्या उंचीचा एक बुटका माइकस्टँड कोपऱ्यात तयार करून ठेवला. रोज सकाळी ताई जिना चढून धापा टाकत आली की ही विचारायची, "ताई, म्हणाला का?"

"अजून नाही गं," ताई म्हणायची. "पण गाय ओळखतो!"

आता हे गाय ओळखणं म्हणजे काय भानगड आहे ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ढब्बूच्या जन्माच्या आधीची गोष्ट. नवा गेम तयार झाला की शेजारच्या पाळणाघरातली पोरं माडीवर आणून चटईवर बसवायचे आणि काय करतात ते बघायचे. पहिल्या गेमचा नियम कडक होता. आतून ताई विचारणार, "गाय कुठे आहे?" समोर चार चित्रं. बरोबर बोट ठेवलं तर वरच्या उजव्या कोपऱ्यातून चांदण्या पडणार आणि शाब्बास मिळणार. चुकलं तर नुसतं 'टूं'. दोन शेंड्या बांधलेल्या एका पोरीला लागोपाठ टूं मिळालं आणि तिने असा भोंगा पसरला, असा पसरला, की खालचा सुतार कुणाला लागलं म्हणून धावत वर आला. शाब्बासताईने त्या पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"अगं, जरा हलव की ती गाय," ती चित्रकार पोरीला म्हणाली. "मी विचारलं की गाईनेच थोडं हलून दाखवायचं. बिचारीला कळेल तरी. आपण काय इथे परीक्षा घ्यायला बसलोय?"

चित्रकार पोरगी कामाला चोख. तिने खपून खपून ते हलणं जमवलं. प्रश्न संपला की गाय डावी-उजवी अशी तीनदा डुलायची, क्षणभर थांबायची, पुन्हा तीनदा डुलायची. बघणाऱ्याला नकळत बोट ठेवावंसं वाटायचं. पोरं रडायची थांबली, मालक खूश झाले, आणि मग काय, कुत्रा हलायला लागला, मासा हलायला लागला, फुगा, चेंडू, चमचा, छत्री, जे विचारलं ते हलायला लागलं. सगळं ताईच्या मायेपायी.

तोच गेम पुढे ढब्बूच्या हातात आला. चालायला लागायच्या आधी तो टॅबवर गाय दाखवायला लागला. घोडा दाखवायचा, बदक दाखवायचा, छत्री दाखवायचा. चुकणं कशाशी खातात ते त्याला ठाऊकच नव्हतं. ताई आल्यागेल्याला दाखवायची आणि लोकही तोंडभरून म्हणायचे, आईवर गेलाय हो.

सासूबाई मात्र हूं की चूं करत नसत. त्या दिवसभर पोराबरोबर असायच्या. एकदा ताईला चहाचा कप देता देता म्हणाल्या, "ते सगळं खरं गं. पण हाक मारली की बघत का नाही हा?"

"खेळात रमतो, आई."

"काल मी त्याच्या मागे पातेलं पाडलं. ढिम्म हलला नाही."

"आणि परवा ह्यांनी दार आपटलं तेव्हा केवढा दचकला! तुम्हीच म्हणालात ना?"

दचकला होता, खोटं नाही. पण दार आपटलं की जमीन हादरते, पायांना कळतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यावं? ताईला तर सासूबाईंचा रागच आला. तिने टॅब आणला. टॅबमधून तिचा आवाज म्हणाला, "मासा कुठे आहे?" आणि ढब्बूने माशावर बोट ठेवलं.

"झालं समाधान? ऐकू येत नसतं तर कळलं असतं का त्याला मासा?"

सासूबाई कप विसळायला निघून गेल्या. इतका धडधडीत पुरावा समोर असल्यावर त्या तरी काय म्हणणार? बाळ जन्मल्यावर कान तपासतात, ते ढब्बूचं राहून गेलं होतं. त्या दिवशी तिथलं यंत्र बिघडलं होतं, नंतर आणा म्हणाले, नंतर त्याला सर्दी झाली, आणि नंतर तो गाय ओळखायला लागला. मग कान कशाला तपासायचे?

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. तो म्हणायचा, "आमच्यात सगळेच उशिरा बोलतात. आई, मी कधी बोलायला लागलो गं?"

"तू? शाळेत घालायच्या वेळेला," सासूबाई म्हणायच्या. "आणि मग जो लागलास तो अजून थांबला नाहीस."

हसायचे सगळे. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

ढब्बूला एकच वाईट खोड होती. हाताला लागेल ते हलवायचा. पाण्याचा पेला उचलून डावी-उजवीकडे डुलवायचा, अर्धं पाणी जमिनीवर. बूट हलवायचा. केळं हातात धरून असं हलवायचा की त्याचा लगदा व्हायचा. दिवसभर फडकं घेऊन फिरायचं काम सासूबाईंकडे. "अरे माकडा, पी ना सरळ!" म्हणून ताई पेला हिसकावून घ्यायची, आणि पोर हात पुढे करून तसंच उभं राहायचं. एक-दोनदा तर तिने हातावर फटकाही दिला.

आणि त्याहून वाईट खोड म्हणजे ताई घरी दुसऱ्या दिवसाची वाक्यं म्हणून बघायला बसली की हा यायचा, मांडीवर चढायचा, दोन्ही हातांनी तिचे गाल धरायचा आणि तिचं तोंड हलवायचा. डावीकडे, उजवीकडे. की झालं! शाब्बासचं शा-आ-आब्बास.

"सोड रे! मान हलवू नकोस माझी!" ती त्याचे हात बाजूला करायची. तो पुन्हा धरायचा. ती मान ताठ करायची. तिला सवयच होती म्हणा मान ताठ करायची.

एकदा फार काम होतं, उद्याच्या उद्या रेकॉर्डिंग संपवायचं होतं, आणि हा काही केल्या ऐकेना. तिने त्याला उचलून बाहेर ठेवलं आणि आतून कडी लावली. दारावर चिमुकल्या हातांचे धपाधप आवाज आले, मग दार धरून हलवल्यासारखे आले, मग थांबले. काम पुरं करून तिने दार उघडलं तर ढब्बू उंबऱ्याशीच झोपला होता. तिने त्याला उचलून मुका घेतला आणि विसरून गेली. त्यानंतर त्याने तिचे गाल धरले नाहीत. ही खोड गेली एकदाची, असं तिला वाटलं. तेही ऑफिसात हौसेने सांगितलं तिने.

मग मालकांनी थोड्या मोठ्या मुलांसाठी गेम करायला घेतला. "मोठ्या मुलांना कसली आलीय मदत?" ते म्हणाले. हलणं काढून टाकलं. चित्रं जागच्या जागी, प्रश्न ऐकायचा आणि उत्तर द्यायचं. ढब्बू अजून तेवढा मोठा नव्हता, पण ताईला कुठला धीर? नवा गेम घातलेला टॅब घेऊन ती घरी आली आणि हातपाय धुवायच्या आधी म्हणाली, "आई, या इकडे. आज काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

ढब्बू चटईवर बसला. चित्रं आली. टॅबमधली ताई म्हणाली, "गाय कुठे आहे?"

ढब्बूने बोट उचललं आणि ते तसंच वर धरून ठेवलं. गाईकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं, बदकाकडे बघितलं. पुन्हा गाईकडे. तो वाट बघत होता.

"गाय कुठे आहे, राजा?" टॅब पुन्हा म्हणाला, त्याच हसऱ्या आवाजात.

ढब्बूने टॅब दोन्ही हातांनी उचलला आणि हलवला. तीनदा. खाली ठेवून बघितलं. पुन्हा उचलून हलवला. मग बंद पडलेलं खेळणं मोठ्या माणसाकडे देतात तसा त्याने तो आईपुढे सरकवला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला.

ताई उठली, तिने कपाटावरून जुना टॅब काढला, जुना गेम लावला आणि आवाजाचं बटण दाबत दाबत पार तळाला नेलं. टॅब गप्प झाला. खोलीत चिटपाखरू नसल्यासारखं झालं. गाय हलली, ढब्बूने बोट ठेवलं. चांदण्या पडल्या. घोडा हलला, ढब्बूने बोट ठेवलं. बदक, मासा, छत्री, सगळं सगळं बरोबर. एक चूक नाही. शेवटी टाळ्या वाजवणारं अस्वल आलं तेव्हा त्याने स्वतःही टाळ्या वाजवल्या आणि शाब्बासकीच्या आशेने आईकडे बघितलं.

या पोराने तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. सगळ्या दुनियेच्या पोरांनी ऐकला होता, आणि हिच्या एकट्या पोराने नाही. आणि ते इतके दिवस लपवून ठेवलं होतं ते तिनेच हलवायला लावलेल्या त्या गाईने.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणीची खोली होती तिच्या भिंतींना तोच काळा फोम होता. आत पाऊल टाकल्याबरोबर ताईला घाम फुटला. ढब्बू नवऱ्याच्या मांडीवर बसला, हातात लाकडी ठोकळा. डॉक्टरीणबाई एकेक आवाज सोडत गेल्या, बारीक, मग मोठे, मग इतके मोठे की नवऱ्याने तोंड वेडंवाकडं केलं. ढब्बू ठोकळा उलटा-सुलटा करून बघत होता.

"बाई, एकदा मला बघू द्या," ताई म्हणाली. "तुमची ती शिट्टी कुणाला कळणार? माझा आवाज पोरांना कळतो. माझं कामच आहे ते."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. नाही म्हणाल्या नाहीत. ताई ढब्बूच्या पाठीमागे जाऊन ताठ उभी राहिली, ओठांवर हसू आणलं आणि म्हणाली, "ढब्बू!" मग लाडाने म्हणाली. मग आश्चर्याने म्हणाली. मग तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. शाब्बास, वा रे वा, कुठे गेलं माझं बाळ, इकडे बघ राजा. नवरा मान खाली घालून बसला होता. शेवटी ती ओरडली. ढब्बूच्या हातून ठोकळा पडला म्हणून तो वाकला, आणि तिला वाटलं ऐकलं! पण त्याने ठोकळा उचलला आणि पुन्हा खेळायला लागला.

पुढच्या तपासण्या झाल्या, आतले फोटो काढले, कानाचं मशीन लावून बरेच महिने वाट बघितली. काही उपयोग झाला नाही. कानापासून मेंदूपर्यंत आवाज नेणारी जी शीर असते ती ढब्बूला दोन्ही बाजूंना नव्हतीच. नवरा बराच वेळ तो काळा फोटो उजेडाकडे धरून बघत राहिला.

"म्हणजे लिफ्टचं बटण आहे, गाडीपण आहे," तो म्हणाला, "मधली केबलच नाही."

"तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुटलेली असती तर मी..." तो म्हणाला आणि तिथेच थांबला. हा माणूस बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच वाक्य अर्धवट टाकत होता.

ताईने विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"ऐकू आलं नसतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग खरं ते बोलल्या. "पण हाताच्या खुणांची भाषा लवकर सुरू करता आली असती. त्याला सांगता आलं असतं. इतके दिवस तो तुमच्यात एकटाच पडला असणार."

बाहेर बाकावर त्यांच्यासारखीच माणसं बसली होती. ताईने नवऱ्याला एवढंच विचारलं, "पाण्याची बाटली घेतलीत ना?" आणि समोरच्या बाईच्या मांडीवरची, कानाला इवलंसं मशीन लावलेली एक चिमुरडी गर्रकन वळली. डोळे मोठे करून तिने ताईकडे बोट दाखवलं. "गाय!" ती म्हणाली. "गाय-गाय!" तिच्या आईला काय आनंद झाला, काय आनंद झाला! "तुमच्याच आवाजाला ही पहिल्यांदा वळली हो," ती ताईचा हात धरून सांगायला लागली. ताईने हसून त्या पोरीच्या गालाला हात लावला. मग जिन्याच्या वळणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडली. कुणाचं चांगलं झालेलं बघवू नये, अशी ती बाई नव्हती. पण त्या दिवशी नाही बघवलं तिला.

तिने ऑफिसात जायचं बंद केलं. मालकांनी निरोपावर निरोप पाठवले, हिने उत्तर दिलं नाही. घरातही बोलेनाशी झाली. आवाजाचा तिला वीटच आला होता. शेवटी एक दिवस चित्रकार पोरगी न कळवताच घरी आली. दारात उभी राहून, सवयीने, बिचारीच्या तोंडातून निघून गेलं, "ताई, म्हणाला का..." आणि तिने जीभ चावली.

"ये, बस," ताई म्हणाली.

ढब्बू आतून आला, स्टुलावरचा रिकामा पेला त्याने उचलला आणि पाहुणीसमोर उभा राहून हलवला.

"ठेव तो खाली," ताई उठायला लागली. "ही एक त्याची खोडच..."

"थांबा ताई," पोरगी म्हणाली. ती पेल्याकडे टक लावून बघत होती. ढब्बूने पेला तीनदा डुलवला, थांबला, पुन्हा तीनदा डुलवला. डावीकडे, उजवीकडे.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "हे हलणं मी बनवलंय, ताई. तीनदा, मग दम, मग तीनदा. बघा ना, तेवढाच थांबतो तो. ही त्याची खोड नाही. त्याला तहान लागलीय, तो पाणी म्हणतोय!"

सासूबाई पाणी घेऊन आल्या. ढब्बू घटाघट प्यायला.

मग एकेक करून सगळं उलगडायला लागलं, आणि उलगडलं नसतं तर बरं, असं वाटावं इतकं साफ उलगडलं. त्याच्या दुनियेत जे हवं ते हलायचं. विचारलेली गोष्ट हलते, हलली की तिच्यावर बोट ठेवायचं, हा त्याला कळलेला कायदा. मग आपल्याला काही हवं असलं तर आपणच ते हलवायचं. बूट हलवला म्हणजे बाहेर जाऊ या. केळं हलवलं म्हणजे भूक लागली. पोर वर्षभर घरभर बोलत फिरत होतं, आणि घरातली शहाणी माणसं फडकं घेऊन त्याच्या मागे पुसत फिरत होती.

"माझा गुडघा धरून हलवतो रोज," नवरा संध्याकाळी म्हणाला. "कामावरून आलो की. मला वाटायचं, चढायचंय त्याला."

"माझा हात हलवतो," सासूबाई म्हणाल्या.

ताईला ते दोन छोटे हात आठवले, गालांवरचे. मांडीवर चढून तोंड धरून हलवणारे. सोड रे, मान हलवू नकोस माझी. ती ज्या एका शब्दासाठी माइक खाली करून बसली होती तो शब्द तो रोज म्हणत होता. तिच्या तोंडावर, दोन्ही हातांनी. आणि तिने मान ताठ केली, आणि मग कडी लावली, आणि तो म्हणायचा थांबला.

"मला नाही हलवत आता," ती म्हणाली.

त्यानंतर तिने किती प्रयत्न केले! मांडीवर घ्यायची, गाल पुढे करायची. त्याचे हात स्वतः धरून आपल्या गालांवर ठेवायची. तो हात काढून घ्यायचा. रागाने नव्हे, इथे हात लावायचा नसतो, हे त्याला शिकवलं होतं आणि तो शिकला होता. हुशारच होता पोरगा. खुणा शिकवायला ज्या शिक्षिका यायला लागल्या होत्या त्यांच्याकडून तो पाणी, दूध, बाहेर, झोप असं भराभर उचलत होता, आजीलाही शिकवत होता. आईपाशी मात्र शहाण्यासारखा बसायचा आणि काही मागायचा नाही.

एक दिवस दुपारी तो जुना टॅब घेऊन चटईवर बसला होता. ताई त्याच्या समोर येऊन बसली. टॅब तिने हळूच बाजूला सरकवला. त्याने वर बघितलं. आणि या बाईने, जिने सगळं आयुष्य मान ताठ धरून काढलं, तिने स्वतः मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, तीनदा. थांबली. पुन्हा तीनदा. त्या गाईसारखी.

ढब्बू बघत राहिला. तिने पुन्हा केलं. केस सुटून तोंडावर आले तरी केलं. मग त्याने सावकाश एक बोट पुढे केलं आणि तिच्या नाकावर ठेवलं.

"शाब्बास!" तिच्या तोंडून निघून गेलं. "शाब्बास रे, किती हुशार..." पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता, तिच्या डोक्यावर उजवीकडे, रिकाम्या हवेत. तिथून चांदण्या पडतात ना, बरोबर आलं की. तो चांदण्यांची वाट बघत होता, आणि तिच्याजवळ द्यायला आवाजाशिवाय काही नव्हतं.

तिला रडू आलं ते आलंच. तसंच रडत तिने दोन्ही हात वर नेले आणि बोटं उघडली, मिटली, उघडली, आणि तशीच उघडत-मिटत खाली आणली. फार वेड्यावाकड्या चांदण्या होत्या. ढब्बूने त्या पार खाली येईपर्यंत बघितल्या. मग तो उठला, तिच्या मांडीवर चढला, तिच्या ओल्या गालांवर त्याने दोन्ही हात ठेवले. आधी नुसतेच ठेवले, रागावते का ते बघत. आणि मग हलवलं.

सासूबाई आतून आल्या. "काय झालं गं? का रडतेस?"

ताईने मान सैल सोडली होती. ढब्बू हलवतच होता, त्यामुळे शब्द तिच्या तोंडातून धड बाहेर पडेनात.

"म्हणाला, आई," ती म्हणाली. "आई म्हणाला मला."